वीतभर विमान आणि त्यामागचे हात
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरच्या विदुषींना बोलावण्याचा आपल्या मंडळाचा शिरस्ता आहे. यंदा चिटणीसबाईंनी घरच्याच माणसाला उभे केले आहे. आपल्या हस्तव्यवसाय प्रदर्शनात भरतकाम, लोकरीचे विणकाम आणि रुखवत यांच्या पंक्तीला मी एक छोटे विमान मांडले होते. त्याविषयी इतक्या जणींनी इतके प्रश्न विचारले की, "एकदा सर्वांना मिळून सांगून टाका," असा कार्यकारिणीचा हुकूम झाला. हुकूम मोडण्याची माझी छाती नाही, तेव्हा मी उभी आहे. विमान या टेबलावर ठेवले आहे. भाषणानंतर जवळ येऊन पाहावे. फक्त लहान मुलांना कडेवर घेऊन यावे, एवढी विनंती.

प्रश्न तीन प्रकारचे होते. पहिला, हे केले कसे? दुसरा, साठी उलटल्यावर हे खूळ कोठून आले? आणि तिसरा प्रश्न शेजारच्या बिऱ्हाडातल्या एका मुलाने विचारला. "आजी, या विमानाच्या शेपटीवर आपले स्वस्तिक का काढले?" हाच प्रश्न नंतर आपल्या मंडळातल्या एका ज्येष्ठ भगिनींनीही मला बाजूला घेऊन विचारला, आणि त्यांच्या आवाजात थोडा राग होता. त्या इथे पुढच्याच रांगेत बसल्या आहेत. त्यांची परवानगी घेऊनच मी हे सांगते आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत. तिसऱ्यापर्यंत मात्र जरा वळसा घेऊन जावे लागेल.

खुळाचे आधी सांगते. माझी मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त जर्मनीत स्टुटगार्ट शहराजवळ राहतात. एका हिवाळ्यात मी त्यांच्याकडे होते. दुपार सरते न सरते तोच अंधार, खिडकीबाहेर बर्फ, आणि दोन शब्द बोलावे तर शेजारीण नाही. नातवाला वाढदिवसाला कोणी विमानाच्या सुट्या भागांचा संच दिला होता. त्याने झाकण उघडले, आतले शंभरावर बारीक भाग पाहिले आणि झाकण लावून टाकले. तो डबा मी हाती घेतला. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवलेली असल्यामुळे ब्रश आणि रंग पाहिले की माझा हात स्वस्थ बसत नाही. डब्यावरचे चित्र पाहून जावई म्हणाले, "आई, याचे पंख कुठे बनत होते ठाऊक आहे? आपल्या इथून जवळच, लिओनबर्गच्या बोगद्यात." पंख आणि बोगद्यात? त्या वेळी मला काहीच उमगले नाही. परत येताना तो डबा मी कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून घरी आणला आणि पुढचे चार महिने दुपारची झोप सोडून हे काम केले.

आता विमान कोणते ते सांगते. याचे नाव मेसरश्मिट २६२. जर्मन लोक त्याला 'श्वाल्बे' म्हणत, म्हणजे आपली पाकोळी. प्रत्यक्ष लढाईत उतरलेले हे जगातले पहिले जेट लढाऊ विमान. जेट म्हणजे काय हे आपण रोज डोक्यावर पाहतो, पण त्या काळी ते नवल होते. तोवर विमानाला नाकावर पंखा असे. या नव्या इंजिनात पुढून हवा ओढायची, दाबायची, तिच्यात इंधन जाळायचे आणि तापलेला वायू मागून जोराने सोडायचा. फुगा सोडून दिला की तो जसा उलट दिशेने सुटतो, त्यातलाच प्रकार. केवळ जेट इंजिनांवर या विमानाचे पहिले उड्डाण १८ जुलै १९४२ रोजी लाइपहाइम येथे झाले. फ्रिट्झ वेंडेल हा वैमानिक होता. ताशी सुमारे ८७० किलोमीटर त्याचा वेग, आणि पंख्याच्या चांगल्यात चांगल्या विमानांहून तो दीडशे किलोमीटरनी तरी जास्त. इंग्रजांचे 'मीटिऑर' नावाचे जेट विमानही १९४४ च्या जुलैतच त्यांच्या वायुदलात दाखल झाले; परंतु त्या दोघांची हवेत कधी गाठ पडली नाही.

माझी प्रतिकृती एकास अठ्ठेचाळीस या प्रमाणात आहे. म्हणजे मूळ विमान साडेदहा मीटर लांब, तर हे बावीस सेंटिमीटर, बरोबर वीतभर. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मूळ साडेबारा मीटर, तर हे सव्वीस सेंटिमीटर. या मापाने आपल्यापैकी कोणी शेजारी उभी राहिली, तर ती जेमतेम सव्वातीन सेंटिमीटर उंच, म्हणजे कपाटाच्या किल्लीहूनही लहान दिसेल.

कामाची रीत अशी. सगळे भाग प्लास्टिकच्या चौकटींना देठांनी जोडलेले येतात. प्रथम त्या चौकटी साबणाच्या कोमट पाण्यात धुवायच्या, कारण साच्यातून सुटावेत म्हणून त्यांना तेलकट थर असतो आणि त्यावर रंग धरत नाही. मग एकेक भाग कापून देठाची खूण बारीक काचकागदाने घासायची. वैमानिकाची बैठक, समोरची घड्याळे, पट्टे हे सारे आधी रंगवून घ्यावे लागते. धडाचे दोन अर्ध एकदा जुळले की आत ब्रश जात नाही. करंजीत सारण भरल्यावर कड मुडपतात, तसाच क्रम. यासाठीचा गोंदही निराळा. तो प्लास्टिकच्या कडा किंचित विरघळवतो आणि दोन भाग एकजीव होतात, म्हणून एकदा चिकटले की सुटका नाही.

धड मिटण्यापूर्वी एक गोष्ट विसरून चालत नाही. नाकात वजन भरावे लागते. या विमानाला तीन चाके, त्यातले एक नाकाखाली. मूळ विमानाच्या नाकात ३० मिलिमीटरच्या चार तोफा होत्या, त्यांच्या वजनाने तोल राहत असे. प्रतिकृतीचे नाक पोकळ, त्यामुळे वजन घातले नाही तर ती शेपटीवर बसते. मी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून छर्रे आणले आणि ते गोंदात कालवून नाकात बसवले. त्याने विचारले, "बाई, सायकल कुठली?" मी म्हटले, "सायकल नाही, विमान आहे." तो बिचारा पुढे काही बोलला नाही.

या नाकाखालच्या चाकाला इतिहास आहे. पहिल्या नमुन्यांना नाकाखाली चाक नव्हते, शेपटीखाली होते. त्यामुळे विमान नाक वर करून उभे राही आणि धावताना शेपटीच्या पट्ट्यांना हवा मिळत नसे. पुढे पंखा असता तर त्याचा वारा मिळाला असता, पण पंखाच नव्हता. पहिल्या उड्डाणात वेंडेलने भर वेगात अलगद ब्रेक दाबून शेपटी उचलली आणि मग विमान हवेत गेले. त्यानंतर चाक नाकाखाली आणले.

दोन पंखांखाली जी दोन नळकांडी दिसतात ती इंजिने. नाव जुमो ००४, अन्सेल्म फ्रान्झ या अभियंत्याच्या देखरेखीखाली झालेली. पुढच्या तोंडात मधोमध एक टोपी आणि तिच्यावर बारीक कडी आहे, पाहा. त्या टोपीत एक छोटे पेट्रोलचे इंजिन असे. मोठे इंजिन सुरू करण्यासाठी आधी ते फिरवायचे, आणि गरज पडल्यास ती कडी धरून दोरी ओढायची, आपल्याकडे लग्नाच्या मांडवात जनरेटर ओढतात तशी. परंतु या इंजिनाचे दुखणे वेगळेच होते. आत पेटलेल्या वायूचा ताप सोसायला निकेल, क्रोमियम अशा धातूंचे मिश्रण लागते. युद्धामुळे जर्मनीला ते मिळेनासे झाले होते. म्हणून साध्या पोलादावर अल्युमिनियमचा मुलामा देऊन काही भाग केले. परिणाम असा की फार तर पंचवीस तास चालल्यावर इंजिन उतरवावे लागे आणि पुष्कळदा त्याच्याही आत. आपल्या घरचा पंखा पंचवीस तासांनी उतरवावा लागला असता, तर दुकानदाराची आपण काय गत केली असती! वैमानिकाने घाईने वेग वाढवला तर आग विझून इंजिन बंद पडे. उतरताना आणि चढताना विमान संथ असे, आणि नेमके तेव्हाच इंग्रज-अमेरिकन विमाने त्याला गाठत. १४०० च्या वर अशी विमाने बांधली गेली, पण इंधन नाही, शिकलेले वैमानिक नाहीत, सुटे भाग नाहीत. त्यांतली बहुतेक लढाईपर्यंत पोचलीच नाहीत.

आता रंगकाम. जोडाच्या फटीत पुट्टी भरायची, वाळली की घासायची, पुन्हा भरायची. खिडकीच्या काचांना लुकण लावतात, तेच काम नाजूकपणे. गंमत अशी की मूळ कारखान्यांतही हेच करत. पत्र्याचे जोड पुट्टीने भरून गुळगुळीत केले की हवा अडत नाही. १९४५ च्या मार्चअखेर हान्स फाय या वैमानिकाने एक कोरे विमान फ्रँकफुर्टजवळ अमेरिकनांच्या स्वाधीन केले. त्याला रंगच दिलेला नव्हता. त्याच्या छायाचित्रांत उघड्या पत्र्यावर पुट्टीचे पट्टे स्पष्ट दिसतात.

रंग पातळ करून थर द्यायचे, एका जाड हाताऐवजी तीन पातळ हात. खालच्या बाजूला फिकट निळसर करडा, म्हणजे जमिनीवरून पाहणाऱ्याला आकाशात मिसळावा. वरून जांभळट तपकिरी आणि हिरवा, म्हणजे वरून पाहणाऱ्याला रानात मिसळावा. बाजूंवर ढगाळ ठिपके. रंगाची फवारणी करणारे यंत्र माझ्याकडे नाही. मी स्पंजाचा तुकडा चिमट्यात धरून ठिपके उमटवले. शाळेत मुलांना बटाटा कापून ठसे काढायला शिकवलेले हात शेवटी कामी आले. शिवाय एक युक्ती: मूळ रंगात थोडा पांढरा मिसळावा लागतो. लांबची वस्तू धूसर दिसते, आणि लहान प्रतिकृती म्हणजे डोळ्यांना लांबूनच पाहिलेली वस्तू. नेमका मूळ रंग दिला तर ती खेळण्यासारखी भडक दिसते.

रंगाविषयी वाचताना मला एक चमत्कारिक गोष्ट आढळली. युद्धाच्या अखेरच्या काळातल्या जर्मन विमानांत एकाच विमानाचे रंग जुळत नसत. धडाचा हिरवा एक, पंखाचा दुसरा, शेपटीचा तिसरा. याचे कारण सर्व भाग निरनिराळ्या ठिकाणी बनत आणि तिथेच रंगत. १९४३ च्या ऑगस्टपासून आणि विशेषतः १९४४ च्या फेब्रुवारीत रेगेन्सबुर्ग आणि आउग्सबुर्ग येथील मेसरश्मिटच्या कारखान्यांवर प्रचंड बॉम्बफेक झाली. तेव्हा काम फोडून बोगद्यांत, खाणींत, रानांत नेले. म्हणजे हा डबा उघडल्यावर माझ्यापुढे जसे पंख एका चौकटीत आणि धड दुसऱ्या चौकटीत पडले होते, तसेच ते खरोखरच देशभर पसरलेले होते. मग मला जावयांचे बोगद्याचे बोलणे आठवले आणि मी एकेका भागाचे गाव शोधू लागले.

भगिनींनो, आता मी जे सांगणार आहे ते सणाच्या दिवशी सांगावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. पण ते वगळून या विमानाविषयी बोलणे मला खोटे वाटते.

पंखांचे गाव लिओनबर्ग. तिथे १९३८ साली मोटाररस्त्यासाठी डोंगरातून बोगदा काढला होता. १९४४ च्या वसंत ऋतूत त्यातली रहदारी बंद करून आत पंखांचा कारखाना मांडला आणि कामाला छळछावणीतले कैदी आणले. वीसहून अधिक देशांतली ती माणसे होती. दुसऱ्या वर्षी मी मुलीकडे गेले, तेव्हा तिथे जाऊन आले. जुन्या बोगद्याचा थोडा भाग स्मारक म्हणून राखला आहे. तोंडाशी पोलादी भिंत आहे आणि तिच्यावर तिथे मेलेल्यांची नावे आहेत. ती नावे मला वाचता येत होती, पण उच्चारता येत नव्हती. पोलंडची, रशियाची, फ्रान्सची, इटलीची, कितीतरी. मुलगी हळूहळू वाचत होती आणि मी ऐकत होते. या पंखावर सुईच्या टोकाएवढे टिपके दिसतात, ते रिव्हेटचे. प्रतिकृतीत ते साच्यातून आले आहेत. मूळ पंखात प्रत्येक टिपका कोणीतरी, बहुधा उपाशीपोटी, हाताने ठोकलेला होता.

धडाचे गाव ऑस्ट्रियात, लिन्त्स शहराजवळ, सांक्ट गेओर्गेन. शेजारी गुझेनची छावणी, माउटहाउझेन या कुप्रसिद्ध छावणीची शाखा. डोंगराखाली कैद्यांकडून मैलोगणती भुयारे खणून घेतली आणि त्यांत या विमानांची धडे जुळवली. त्या भुयारांना नाव दिले होते 'बेर्गक्रिस्टाल', म्हणजे स्फटिक. नाव केवढे सुंदर! तिथे हजारो माणसे मेली. इंजिनांचे एक गाव नॉर्डहाउझेन, तिथेही डोंगराच्या पोटात सक्तीच्या मजुरांकडून काम करवून घेत. जुळणीचे एक ठिकाण थुरिंगिया प्रांतात काला गावाजवळ. तिथे डोंगराखाली विमान जुळवून उतारावरच्या लोहमार्गाने माथ्यावर ओढून नेत आणि माथ्यावरच्या धावपट्टीवरून ते उडवत. इटली, पोलंड, रशिया येथून धरून आणलेले हजारो मजूर तिथे राबले आणि कित्येक तिथेच संपले.

आणि शेवटचे गाव काउफरिंग. म्युनिक शहराच्या पश्चिमेला लांड्सबेर्गजवळ १९४४ च्या जूनपासून तिथे छावण्या उभारल्या. कैदी बहुतेक सगळे ज्यू. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्या धर्माचे, त्याच धर्माचे हे लोक. त्यांच्याकडून काँक्रिटची अवाढव्य कोठारे बांधून घ्यायची आणि त्यांच्या आत ही विमाने बनवायची, असा बेत होता. वीस हजारांहून अधिक कैदी त्या छावण्यांतून गेले. जमिनीत अर्धवट पुरलेल्या झोपड्या, पोटाला जवळजवळ काही नाही, अंगावर सिमेंटची पोती, आणि साथीचा ताप. हजारो मेले. आणि युद्ध संपेपर्यंत त्या कोठारांत एकही विमान तयार झाले नाही. डॉ. व्हिक्टर फ्रँकल हे नाव आपल्यापैकी काहींनी वाचले असेल. माणूस कशाच्या आधाराने जगतो याविषयीचे त्यांचे पुस्तक मराठीतही आले आहे. ते फ्रँकलही काउफरिंगच्या एका छावणीत कैदी होते.

याच काउफरिंगमधली आणखी एक हकीकत आपल्या मंडळात सांगितलीच पाहिजे. १९४४ च्या डिसेंबरपासून १९४५ च्या फेब्रुवारीपर्यंत तिथल्या पहिल्या छावणीत हंगेरीतल्या सात ज्यू स्त्रिया बाळंत झाल्या. अशा स्त्रियांना आउश्वित्झमध्ये जगू देत नसत. इथे त्यांना एका झोपडीत एकत्र ठेवले. कैद्यांतच एक स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर होते. त्यांच्याजवळ ना औषध, ना उपकरण. त्यांनी सातही बाळंतपणे केली. ज्या बाईला दूध होते तिने दुसरीच्या बाळालाही पाजले. २९ एप्रिल १९४५ रोजी दाखाउ येथे अमेरिकन सैन्याने त्यांची सुटका केली, तेव्हा सातही आया आणि सातही मुले जिवंत होती. जिथे एकही विमान पुरे झाले नाही, तिथे ही सात मुले जगली. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, आईची माया, एवढे सारे असूनही आपण किती घाबरतो, ते आठवावे आणि मग त्या झोपडीचा विचार करावा.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येते. शेपटीवरचे ते चिन्ह.

जर्मनीत हे चिन्ह जाहीरपणे वापरणे कायद्याने गुन्हा आहे. इतिहास, शिक्षण, कला अशा कारणांपुरती सूट असते. माझा डबा तिथला, त्यामुळे आतल्या पाण्यात भिजवून लावायच्या छापील चित्रांत नाकावरचा आकडा होता, पंखांवरचे काळे क्रूस होते, पण हे चिन्ह नव्हते. ते मी सर्वांत बारीक ब्रशाने हाताने काढले. माझ्या ज्येष्ठ मैत्रीण मला म्हणाल्या, "अहो, जे आपण उंबऱ्यावर काढतो, कलशावर काढतो, लक्ष्मीपूजनाच्या वहीवर काढतो, ते त्या पापी विमानावर तुमच्या हातून का काढलेत? न काढता भागले नसते का?"

बाई, भागले असते. बहुतेक जण काढत नाहीत, आणि त्यांचा हेतूही वाईट नसतो. पण कोऱ्या शेपटीचे विमान मी दोन दिवस टेबलावर ठेवून पाहिले. ते नुसतेच देखणे दिसू लागले. खरोखर ते देखणेच आहे. पाकोळीसारखे मागे कललेले पंख, माशासारखे धड. पाहणारा म्हणेल, वा, काय कारागिरी! आणि पुढे निघून जाईल. ते कोणी, कशासाठी आणि कोणाच्या जिवावर बांधले, हे विचारायला त्याला कारणच उरणार नाही. ते चिन्ह होते म्हणूनच शेजारच्या मुलाने प्रश्न विचारला.

शिवाय ते आपले स्वस्तिक नाही, हेही मुलांना सांगण्याची ही संधी आहे. आपला शब्द 'सु' आणि 'अस्ति' यांतून आला. कल्याण असो, एवढाच त्याचा अर्थ. आपण ते सरळ काढतो, चार घरांत चार ठिपके देतो, हळदकुंकू वाहतो. नाझी पक्षाने १९२० साली आपल्या झेंड्यासाठी जे चिन्ह घेतले त्याला जर्मन भाषेत 'हाकेनक्रॉइट्स' म्हणतात, म्हणजे आकडेदार क्रूस. या शेपटीवर पाहा, ते टोकावर उभे राहिल्यासारखे तिरपे आहे आणि त्यात ठिपके नाहीत. आकार भाऊबंदकीतला, पण घर निराळे. असे असले तरी युरोपात ज्यांच्या घरची माणसे त्या छावण्यांत गेली, त्यांना हा फरक समजावून सांगत बसणे बरे नव्हे. त्यांच्या डोळ्यांपुढे ते आले की जे उभे राहते ते आपल्याला कधी सोसावे लागले नाही. म्हणून मुलीच्या जर्मनीतल्या घराच्या दारावर मी दिवाळीत स्वस्तिक न काढता कमळ काढले. तिथे ते शोभले आणि कोणाच्या काळजाला चरा पडला नाही.

माझ्या मैत्रिणीचे पुरते समाधान झाले, असे मी म्हणणार नाही. त्या म्हणाल्या, "चिन्ह राहू द्या, पण मग नुसते विमान मांडू नका, शेजारी सगळे लिहून ठेवा. प्रत्येक वेळी तुम्ही सांगायला तिथे थोड्याच असणार?" मला ते पटले. आज विमानाशेजारी जो पुठ्ठा आहे, त्यावरचा मजकूर आम्ही दोघींनी मिळून लिहिला आणि अक्षर त्यांचे आहे. वर विमानाचे नाव आणि खाली पाच गावे: लिओनबर्ग, सांक्ट गेओर्गेन, नॉर्डहाउझेन, काला, काउफरिंग. प्रत्येकापुढे तिथे काय बनत होते आणि ते कोण बनवत होते, एवढेच. सात बाळांची ओळ त्यांनी स्वतः घातली.

नाकावरच्या पांढऱ्या '३' या आकड्याचेही सांगते. २५ एप्रिल १९४५ रोजी हान्स गिडो मुत्के नावाच्या वैमानिकाने याच आकड्याचे विमान स्वित्झर्लंडमध्ये झुरिकजवळ ड्यूबेनडोर्फ येथे उतरवले. त्याचे युद्ध तिथेच संपले. स्विस सरकारने ते जपून ठेवले आणि १९५७ साली जर्मनीला परत दिले. आज ते म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमच्या संग्रहात आहे. इतक्या विमानांतून मी हेच निवडले, कारण ते कोणाला न मारता खाली आले आणि उभे राहिले. आपल्यापैकी कोणाची मुले-नातवंडे तिकडे असतील तर त्यांच्याबरोबर जाऊन जरूर पाहावे, आणि जमल्यास तिथून दाखाउच्या स्मारकालाही जावे. दोन्ही एकाच शहराच्या अंगाला आहेत. एक पाहून दुसरे न पाहता येऊ नये, असे माझे मत आहे.

मला कोणी विचारते, एवढे दुःख चिकटलेली वस्तू घरात ठेवावीशी तरी कशी वाटते? माझे उत्तर असे की, चार महिने मी जेवढ्या सावकाशीने हे विमान पाहिले, तेवढ्या सावकाशीने मी कुठलेही पुस्तक वाचले नव्हते. हाताने काम करताना डोळ्यांना घाई करता येत नाही. पंख घासता घासता तो कोणी घासला असेल, हे मनात येतेच. आपण भरतकाम करतो, विणतो, शिवतो, त्यामुळे वस्तू हातातून किती तासांनी उतरते हे आपल्याला ठाऊक असते. ज्याला हे ठाऊक आहे, त्याने तयार वस्तू पाहताना हाताचा विचार करावा, मग ती वस्तू विमान असो की बाजारातून स्वस्तात आणलेली जरीची साडी असो.

शेवटी एक सूचना मांडते आणि बसते. येत्या मे महिन्याच्या सुट्टीत आळीतल्या मुलांसाठी मंडळाने प्रतिकृती करण्याचा आठ दिवसांचा वर्ग काढावा. शिकवण्याचे काम मी विनामूल्य करीन. छर्रे देण्याचे सायकलवाल्याने कबूल केले आहे. विमान, आगगाडी, देवळाचा कळस, ज्याला जे आवडेल ते त्याने करावे. अट एकच ठेवू. वस्तू पुरी झाली की शेजारी पुठ्ठ्यावर ती मुळात कोणी आणि कुठे बनवली हे शोधून लिहायचे. अध्यक्षबाईंनी कार्यकारिणीच्या सभेत हा विषय घ्यावा, अशी मी त्यांना विनंती करते.

  पलीकडच्या खोलीत चहा तयार आहे. पण त्याआधी विमान पाहून घ्यावे आणि पुठ्ठाही वाचावा.